पेटीवरून पियानोकडे: काळ्या पट्ट्यांवर, एकट्याने, निवांत

मराठी घरात पियानो नवा असतो, पट्ट्या नव्या नसतात. घरात कुणीतरी भजनाला पेटी धरलेली असते. ‘माझा सूर काळी दोन’, ‘बाईंना पांढरी चार द्या’ ही भाषा कानावरून गेलेली असते. ज्यांना परीक्षा द्यायची नाही, कार्यक्रम करायचा नाही, फक्त दिवसाकाठी पंधरा-वीस मिनिटं स्वतःपुरतं शांतपणे वाजवायचं आहे, त्यांच्यासाठी हा लेख.

निवांत वाजवणं हा स्वभावाचा गुण आहे असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात तो बराचसा स्टुलाच्या उंचीचा, हाताच्या वजनाचा आणि डाव्या हाताला काय काम दिलंय याचा प्रश्न असतो. चुकीची पट्टी लागण्याची भीती गेली की उरलेलं बरंच सोपं होतं. ती भीती घालवण्याचा साधा उपाय म्हणजे पहिले काही आठवडे पांढऱ्या पट्ट्यांना हातच लावायचा नाही.

जवळ काय हवं:

- ८८ पट्ट्यांचा वेटेड डिजिटल पियानो, किंवा सुरात असलेला अकूस्टिक (तारांचा, विजेशिवाय वाजणारा) पियानो
- उंची कमी-जास्त होणारं स्टूल (पाठ टेकायची खुर्ची नको)
- सस्टेन पेडल (पट्टी सोडल्यावरही स्वर लांबवणारं) आणि त्याखाली घालायला रबरी मॅट
- वायरचा हेडफोन, आणि पियानोचं भोक मोठं असेल तर ६.३५ मिमीचा जोड
- मेट्रोनोम (ठराविक गतीने ठोके देणारं ॲप) आणि रेकॉर्डिंगसाठी फोन, एक वही, शिसपेन्सिल
- नेलकटर. नखं बोटाच्या मांसाच्या बरोबरीने कापलेली हवीत. जरा वाढली की बोट आपोआप आडवं पडतं आणि मनगट आखडतं.
- विकत घेताना बिल, आणि सिरीयल नंबर लिहिलेलं, दुकानाचा शिक्का असलेलं वॉरंटी कार्ड. जुना डिजिटल पियानो घेत असाल तर मूळ बिल आणि मूळ अडॅप्टर दोन्ही मागून घ्या. व्होल्टेज किंवा पिनेची ध्रुवता न जुळणारा अडॅप्टर लावला तर आतला बोर्ड जाऊ शकतो.

## १. वाद्य निवडताना

दुकानात तीन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात आणि तिथेच पैसे वाया जातात. ‘टच सेन्सिटिव्ह’ म्हणजे पट्टी जोरात दाबली की आवाज मोठा. ‘सेमी-वेटेड’ म्हणजे स्प्रिंग थोडी कडक. ‘हॅमर ॲक्शन’ किंवा ‘फुली वेटेड’ म्हणजे पट्टीच्या मागे खरोखर हातोडीसारखं वजन आहे. निवांत वाजवायचं तर तिसरा प्रकार घ्या. स्प्रिंगच्या पट्टीवर हात टाकून देता येत नाही. ती हाताला वर ढकलत राहते आणि बोटं सतत सावध राहतात.

यामाहाची पी मालिका, रोलँडचा एफपी-१०, कॅसिओची सीडीपी-एस मालिका, कावाईची ईएस मालिका हे सुरुवातीला पुरणारे पर्याय. वजन साधारण १० ते १५ किलो, म्हणजे दोघांनी सहज उचलावा इतकं. किमती सारख्या बदलतात, पण स्टँड, स्टूल आणि चांगलं पेडल यांचे पैसे वेगळे धरा. सोबत येणारं पेडल बहुतेक वेळा काडेपेटीहून थोडं मोठं प्लॅस्टिकचं बटण असतं आणि ते पायाखालून पळतं.

दुकानात तपासायच्या गोष्टी: एकच पट्टी अगदी हळू, मग मध्यम, मग जोरात वाजवून पाहा, मधले फरक ऐकू यायला हवेत. पॉलिफनी, म्हणजे एकाच वेळी वाजू शकणाऱ्या स्वरांची संख्या, किमान ६४ असावी, नाहीतर पेडल धरून वाजवताना खालचे स्वर मध्येच गळतात. शेकडो आवाज आणि ताल असलेल्या कीबोर्डकडे पाहूही नका. तुम्हाला एकच आवाज हवा आहे, आणि तो चांगला हवा आहे.

जुना अकूस्टिक पियानो स्वस्तात मिळतोय म्हणून भुलू नका. मुंबईत, गोव्यात, कोकणपट्टीवर पावसाळ्याची दमट हवा त्याची शत्रू. पियानोला ४० ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे श्रावणात ती नव्वदीला टेकते. लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, तारा गंजतात, फेल्टला कसर लागते. बघायला जाताना फोनवर ट्यूनर ॲप न्या आणि सगळ्या ८८ पट्ट्या एकेक करून वाजवा. मधला ‘ए’ (पांढरी सहा) ४४० हर्ट्‌झच्या बराच खाली असेल, म्हणजे अख्खा पियानो अर्धा स्वर उतरलेला असेल, तर एका ट्यूनिंगमध्ये तो वर येत नाही. जुन्या तारा तुटूही शकतात. खुंट्या सैल असतील तर आज लावलेला सूर महिन्याभरात उतरतो. साध्या अपराइटचंही (उभ्या पियानोचंही) वजन २०० किलोच्या वर जातं, त्यामुळे जिना, लिफ्ट आणि हमाली यांचा हिशेब आधी करा. घरी आणल्यावर दोन-तीन आठवडे त्याला नव्या हवेत बसू द्या, मग ट्यूनर बोलवा, आणि पुढे वर्षातून दोनदा. बाहेरच्या, ओल धरणाऱ्या भिंतीला टेकवून ठेवू नका.

## २. मांडणी

स्टुलाच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा. खांदे सोडा, बोटं पट्ट्यांवर ठेवा. कोपर पट्ट्यांच्या पातळीला किंवा त्याच्या किंचित वर यायला हवं. कोपर खाली गेलं की मनगट वर लटकतं, आणि दहा मिनिटांत पुढचा हात भरून येतो. घरातली जेवणाच्या टेबलाची खुर्ची जवळजवळ नेहमी बुटकी पडते. तोवर घट्ट घडी घातलेली सतरंजी चालेल, मऊ उशी नको.

पट्ट्यांचा पृष्ठभाग जमिनीपासून ७२ ते ७४ सेंमीवर असावा. कात्रीसारखा एक्स आकाराचा स्टँड वाजवताना हलतो, शिवाय गुडघ्याला आडवा येतो. चौकटीचा किंवा झेड आकाराचा घ्या. साधं टेबल वापरणार असाल तर आधी मोजा: टेबलाची उंची अधिक वाद्याची जाडी. ७५ सेंमीच्या टेबलावर पियानो ठेवला की पट्ट्या ८५ सेंमीच्या आसपास जातात आणि खांदे कानाला लागतात.

हेडफोन लावला म्हणून शेजाऱ्यांना त्रास नाही असं समजू नका. पट्टी तळाला आपटल्याचा ठकठक आवाज स्टँडमधून जमिनीत उतरतो आणि खालच्या मजल्यावरच्या छतातून बाहेर पडतो. स्टँडच्या पायांखाली जाड रबर किंवा फोमची मॅट घाला. हेडफोन वायरचाच हवा: ब्लूटूथवर आवाज दाबल्यानंतर उशिरा येतो, आणि हा उशीर अगदी थोडा असला तरी हात गोंधळतो.

आवाजाचं बटण अर्ध्याच्या थोडं वर ठेवा. घरच्यांना त्रास नको म्हणून लोक ते अगदी खाली ठेवतात, मग ऐकू यावं म्हणून नकळत पट्ट्या बडवतात. ताठ हातांचं हे फार मोठं कारण आहे आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

## ३. पेटीच्या चार सवयी बाजूला ठेवा

पेटी येत असेल तर स्वरांची जागा शोधायला वेळ लागणार नाही. पण पेटीने लावलेल्या काही सवयी इथे उलट्या पडतात.

पेटीवर आवाजाचा लहान-मोठेपणा भात्यात असतो, बोटात नाही. पियानोवर तो पट्टी किती वेगाने खाली जाते यावर ठरतो. पट्टीची खोली साधारण १० मिमी. तळ गाठायच्या जरा आधी हातोडी सुटते, तारेवर आपटते आणि मागे येते. त्यानंतर तुम्ही पट्टी कितीही दाबून धरली तरी आवाजात काही बदलत नाही. पेटीवाला मात्र स्वर टिकवायला दाबत राहतो. हा वाया जाणारा दाबच बोटं दुखवतो.

पेटीचा स्वर भाता चालू असेपर्यंत अखंड राहतो. पियानोचा स्वर जन्मल्या क्षणापासून विरत जातो. म्हणून लांब आलाप पेटीसारखा ओढता येत नाही. स्वर विरू द्यायचा आणि विरत असताना ऐकायचा. नव्या माणसाला ती पोकळी भरून काढायची घाई होते. ती भरू नका.

डावा हात आजवर भाता हलवत होता. त्याला बोटं आहेत हे त्याला नव्याने शिकवावं लागेल. आणि चौथी गोष्ट, बोटांचे आकडे: पियानोच्या पुस्तकांत दोन्ही हातांचा अंगठा १ आणि करंगळी ५ असते.

मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, विसरा. दोन पट्ट्यांच्या मध्ये काही नाही. कण घेता येतो: लगतची पट्टी निसटती वाजवून लगेच मुख्य स्वरावर उतरायचं. तेवढं पुरतं.

## ४. हाताचं वजन टाकायला शिका

हे दोन मिनिटांचं काम आहे, पण रोज करायचं.

उजवा हात मांडीवर ठेवा. डाव्या हाताने उजवं मनगट धरून हात वीतभर उचला आणि सोडून द्या. तो ओल्या टॉवेलसारखा पडला पाहिजे. हवेतच थांबला किंवा हळूहळू खाली आला तर खांदा अजून त्याला धरून आहे. पाच-सहा वेळा करा.

मग मधलं बोट काळी तीनवर (तीन काळ्यांच्या गटातली डावीकडची पहिली) ठेवा आणि तोच सैल हात त्या एका बोटावर उभा राहू द्या. बोटाने दाबायचं नाही. हात खाली येतो आणि बोट त्याला टेकू देतं. आवाज आला की मनगट थोडं वर तरंगू द्या, पट्टी मात्र खालीच राहू दे. दाब जवळजवळ शून्य करा, पट्टी वर येणार नाही इतकाच ठेवा. पट्टी खाली धरायला फार थोडं वजन लागतं, साधारण ५० ग्रॅम, म्हणजे एका छोट्या लिंबाएवढं. त्याहून जास्त जे लावाल ते उधळपट्टी.

अंगठ्यावर लक्ष ठेवा. दुसरं बोट वाजत असताना अंगठा हवेत ताठ उभा राहत असेल तर अख्खा तळवा आखडतो. आणि जबडा. जबडा आवळला की खांदे आवळतात; हे ऐकायला गमतीचं वाटेल, पण वाजवताना एकदा दात तपासून पाहा.

## ५. पाच काळ्या पट्ट्या, पाच राग

आता खरी मजा. एका सप्तकात काळ्या पट्ट्या पाच: दोनांचा गट, त्या काळी एक आणि दोन; तीनांचा गट, त्या तीन, चार आणि पाच. या पाचांमध्ये कुठेही दोन लगतचे अर्धस्वर नाहीत. कानाला टोचते ती टक्कर बहुतेक वेळा अर्धस्वराचीच असते. म्हणून काळ्यांवर काहीही वाजवा, पेडल धरून सगळं एकमेकांत मिसळू द्या, खटकत नाही.

आणि हे पाच स्वर आपल्या ओळखीचे आहेत. षड्ज बदलला की मूर्च्छनेने राग बदलतो:

- काळी तीन षड्ज धरली की सा रे ग प ध: भूपाचे स्वर
- काळी एक षड्ज धरली की सा रे म प ध: दुर्गाचे स्वर
- काळी दोन षड्ज धरली की सा, कोमल ग, म, प, कोमल नी: धानीचे स्वर
- काळी चार षड्ज धरली की सा रे म प, कोमल नी: मेघाचे किंवा मध्यमाद सारंगाचे स्वर
- काळी पाच षड्ज धरली की सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी: मालकंसाचे स्वर

‘स्वर’ म्हटलंय, ‘राग’ नाही, हे मुद्दाम. पाच स्वर दाबले म्हणून भूप उभा राहत नाही. तेच स्वर धैवतावर जोर देऊन उत्तरांगात, म्हणजे सप्तकाच्या वरच्या अर्ध्यात, खेळवले की देसकार होतो. शिवाय पियानोचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून निघणाऱ्या गंधारापेक्षा जवळपास १४ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) चढा असतो. तयार कानाच्या माणसाला तो बोचतो. त्याला इलाज नाही. वाद्याची जातच तशी आहे. म्हणूनच सोबतीला तानपुऱ्याचं ॲप लावायचा मोह टाळा: षड्ज-पंचम जुळतात, पण गंधारावर दोघांचं भांडण ऐकू येतं.

पाचही राग पहिल्याच आठवड्यात चाखायचे नाहीत. तीन आठवडे फक्त भूप. मग मालकंस, कारण तो रात्री हेडफोनवर फार सुंदर लागतो.

काळ्यांनी सुरुवात करण्यामागे हाताच्या घडणीचंही कारण आहे. मधली तीन बोटं लांब, आणि काळ्या पट्ट्या उंच आणि पुढे नसून आत. बोटं त्यांच्यावर वळवून न घेता सहज पडतात. पियानोचा थोर संगीतकार शोपँसुद्धा नव्या विद्यार्थ्याचा हात आधी अशा जागी ठेवत असे जिथे तीन लांब बोटं काळ्यांवर आणि अंगठा-करंगळी पांढऱ्यांवर येतात.

## ६. डावा हात: झोपाळा

पियानोच्या मधोमध येणारी पांढरी एक (दोन काळ्यांच्या गटाच्या लगेच डावीकडची पांढरी पट्टी) शोधा. ८८ पट्ट्यांवर डावीकडून ती चौथी पांढरी एक. तिच्या उजवीकडची पहिली काळी तीन हा उजव्या हाताचा षड्ज. तिथून बरोबर दोन सप्तकं खालची काळी तीन हा डाव्या हाताचा षड्ज.

दादऱ्याच्या सहा मात्रा, मेट्रोनोम ६० वर (मिनिटाला ६० ठोके), प्रत्येक मात्रेला एक स्वर:

१. सा: करंगळी, काळी तीन
२. प: तर्जनी, काळी एक
३. सां: अंगठा, वरची काळी तीन
४. रें: तर्जनी अंगठ्यावरून पलीकडे, काळी चार
५. सां: अंगठा
६. प: तर्जनी परत काळी एकवर

हा झोपाळा आहे: वर गेला, खाली आला. पहिल्या मात्रेचा षड्ज ठळक, बाकीचे पाच स्वर त्याच्या निम्म्या आवाजात. नव्या माणसाचा अंगठा हटकून जोरात लागतो, कारण तो जड असतो. तिसऱ्या आणि पाचव्या मात्रेला कान ठेवा.

हात लहान असेल तर सा ते सां ताणून धरायची गरज नाही. करंगळी सोडा आणि अख्खा हात उजवीकडे न्या. स्वर पेडल सांभाळेल. ताणलेला हात कधीच निवांत होत नाही.

इतर रागांना हाच साचा चालतो. चौथा स्वर म्हणजे दर वेळी सां च्या उजवीकडची लगतची काळी पट्टी. मालकंसात फक्त एक बदल: तिथे पंचम नाही, म्हणून मधे मध्यम घ्या. सा काळी पाच, म काळी दोन, सां काळी पाच, कोमल गं काळी एक. तानपुरा मध्यमाला लावतात तसंच हे. यात डावा हात जरा वर सरकतो, म्हणून उजवा हातही एक सप्तक वर न्या, नाहीतर अंगठे एकमेकांना आपटतील.

खालच्या भागाबद्दल एक सावधगिरी: खर्जात जवळजवळचे स्वर एकत्र दाबले की चिखल होतो. षड्ज-पंचम किंवा सप्तकाचं अंतर तिथे स्वच्छ लागतं, षड्ज-गंधार नाही. गंधार मधल्या सप्तकासाठी राखून ठेवा.

उजव्या हाताला हात न लावता हा झोपाळा चार दिवस एकटाच वाजवा. बोलता बोलता वाजवता आला पाहिजे: घरातल्या कुणी काही विचारलं आणि तुम्ही न थांबता उत्तर दिलंत, की तो हातात बसला.

## ७. उजवा हात: कमी बोला

दोन आवर्तनं (सहा मात्रांचा एक फेरा म्हणजे आवर्तन) नुसता झोपाळा. मग एका आवर्तनात उजव्या हाताचा एकच स्वर, समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर. गंधार घ्या, काळी पाच. सहा मात्रा तो विरताना ऐका. पुढच्या आवर्तनात दुसरा एखादा स्वर. अशी आठ आवर्तनं झाली की आवर्तनात दोन स्वर, मग तीन. तीनाच्या पुढे घाई नको.

भूपाची वळणं हाताशी ठेवा: ‘सा रे ग’, ‘प ग’, ‘ध प ग रे सा’, ‘ग रे सा ध़, सा रे ग’. थांबायच्या जागा गंधार आणि पंचम. एक आवर्तन वळण, पुढचं आवर्तन गप्प. हा नियम पहिले दोन आठवडे काटेकोर पाळा. बहुतेकांचं वाजवणं बिघडतं ते चुकीच्या स्वरांनी नाही, श्वास न घेता वाजवत राहिल्याने.

बोटं: काळी तीन, चार, पाचवर २-३-४. काळी एक, दोनवर जाताना बोटं फाकवायची नाहीत. हात उचलून न्यायचा आणि २-३ ठेवायची. मधली फट पेडल झाकतं.

कंटाळा आला तर डाव्या हाताचा पाया बदला. चार आवर्तनं काळी तीनचा झोपाळा, पुढची चार काळी दोनचा: दोन, पाच, दोन, तीन, दोन, पाच. उजवा हात तीच भूपाची वळणं वाजवत राहतो, पण खालचा षड्ज हलल्यामुळे त्यांचा रंग उदास होतो. एवढ्या दोन पायांवर अर्धा तास सहज जातो.

गाणारं कुणी सोबत बसलं आणि त्यांचा सूर पांढरी चार असला, तर बोटं काळ्यांवरच ठेवा आणि ट्रान्सपोज (डिजिटल पियानोचा अख्खा सूर वर-खाली सरकवण्याची सोय) उणे एक करा. झाल्यावर शून्यावर आणायला विसरू नका; दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वाद्याशी सूर जुळेना म्हणून लोक पियानो दुरुस्तीला नेतात.

## ८. पेडल

टाच जमिनीवर, चवडा पेडलवर. अकूस्टिक पियानोत उजवीकडचं. डिजिटलमध्ये पेडलची पिन वाद्य बंद असताना लावा, आणि सुरू करताना पाय पेडलवर ठेवू नका. नाहीतर काही वाद्यांत ते उलटं चालतं: पाय सोडला की स्वर लांबतात, दाबला की तुटतात. तसं झालं तर बंद करून, पाय काढून, पुन्हा सुरू करा.

पेडल हाताबरोबर दाबायचं नाही. समेवर करंगळी खाली जाते त्याच क्षणी पाय वर येतो, आणि दुसरी मात्रा यायच्या आत पुन्हा खाली जातो. हात खाली, पाय वर. पाय पुन्हा खाली जाईपर्यंत करंगळी षड्जावरून उचलायची नाही. ती लवकर सुटली तर आवर्तनाचा पाया नाहीसा होतो आणि सगळं हवेत लटकल्यासारखं वाटतं. हा एवढा भाग जमायला आठवडा जातो. फक्त समेच्या षड्जावर, पुन्हा पुन्हा, सुटा करा.

काळ्यांवर आवर्तनाला एकदा पेडल बदललं की पुरे. पांढऱ्यांवर ही चैन नाही.

## ९. मग पांढऱ्यांवर, ओळखीची चाल

दीड-दोन महिन्यांनी एखादी पाठ असलेली संथ चाल घ्या. षड्ज पांढरी एक. उजव्या हाताने नुसती चाल, डाव्या हाताने दर आवर्तनाला एकदा दोन स्वरांचा आधार. चार आधार पुरतात: सा-प, म-सां, प-रें, ध-गं. यात दोन स्वरांच्या मध्ये तिसऱ्या स्वराचं भरणं नाही, त्यामुळे चुकीचं भरणं होण्याची शक्यताही नाही.

समेवर चालीतला जो स्वर येतो त्यावरून आधार निवडा:

- सा असेल तर सा-प, नाहीतर म-सां किंवा ध-गं
- रे किंवा नी असेल तर प-रें
- ग असेल तर सा-प किंवा ध-गं
- म असेल तर म-सां
- प असेल तर सा-प किंवा प-रें
- ध असेल तर म-सां किंवा ध-गं

जिथे दोन पर्याय आहेत तिथे दोन्ही वाजवून कानाला विचारा. रागातल्या बंदिशीवर हे आधार लावले की ती सिनेमातली वाटू लागते. काहींना ते आवडतं, काहींना अजिबात नाही. न आवडणाऱ्यांनी सा-प एकच धरून ठेवावा. वहीत वर सरगम आणि तिच्या खाली आधाराचं पहिलं अक्षर लिहिलं की पान तयार. स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) पुढे हवं तेव्हा शिका. या कामाला ते लागत नाही.

## १०. रोजची वीस मिनिटं, आणि काय बिघडतं

दोन मिनिटं हात टाकणं, पाच मिनिटं नुसता डावा हात, तीन मिनिटं पेडल, आणि उरलेली दहा मिनिटं मन मानेल तसं. ही शेवटची दहा मिनिटं सरावात मोडत नाहीत. तिथे चुका दुरुस्त करायला थांबू नका. आठवड्यातून एकदा फोनवर दोन मिनिटं रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकलं तर फक्त चुका ऐकू येतात.

पुढचा हात भरून आला तर बहुधा स्टूल बुटकं आहे किंवा आवाज कमी ठेवलाय. मान दुखली तर तुम्ही पट्ट्यांकडे वाकून पाहताय. काळ्यांचे गट बोटांना न बघताही सापडतात, डोळे मिटून शोधा. थकवा आणि दुखणं वेगळं. टोचणारी कळ आली तर त्या दिवसापुरतं थांबा. बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा येत राहिला तर डॉक्टरला किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा, व्यायाम वाढवू नका.

पट्ट्यांवर अक्षरांचे स्टिकर लावू नका. डिंक राहतो आणि डोळे खाली चिकटतात. पडद्यावरून रंगीत ठोकळे पडणारे व्हिडिओ बघून चाल लवकर येते, पण ती डोळ्यात राहते, कानात नाही. व्हिडिओ बंद केला की हातही बंद.

डिजिटल पियानोची एखादी पट्टी अचानक कर्कश मोठ्याने वाजू लागली किंवा मुकी झाली, तर तिच्याखालच्या रबरी संपर्कावर धूळ बसलेली असते. दुरुस्ती किरकोळ असते, पण वॉरंटीत असाल तर स्वतः उघडू नका. वाजवून झालं की कापडाने झाकून ठेवा. पावसाळ्यात झाकणाखाली सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या. पट्ट्या कोरड्या मऊ फडक्याने पुसा. काच पुसायचा स्प्रे नको.

शिक्षक शोधणार असाल तर पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा: ‘मला ग्रेडच्या परीक्षा द्यायच्या नाहीत. हात सैल ठेवायला आणि डाव्या हाताचे साचे शिकायचेत.’ आपल्याकडचे बरेच वर्ग एबीआरएसएम किंवा ट्रिनिटीच्या परीक्षांभोवती आखलेले असतात, त्यामुळे हा प्रश्न त्यांना नवा वाटू शकतो. महिन्यातून एकदा तासभर बसून तुमचं मनगट आणि खांदे बघायला तयार असलेले शिक्षक मिळाले तर तेवढी सोबत पहिल्या वर्षाला भरपूर आहे.